पेद्रू की पीटर? एका सातबाऱ्यापायी गावच्या देवळाचा इतिहास शोधला त्याची गोष्ट

पहिलंच सांगते, गावाचं नाव लिहिणार नाहीये. भाईंदरजवळ, उत्तनच्या बाजूला, धारावी बेटावर (मुंबईतली धारावी नव्हे), समुद्राकाठी आहे एवढं पुरे. कारण पुढे जमिनीचा विषय येणार आहे आणि आमचे भाऊबंद सगळं वाचतात, प्रतिक्रिया देत नाहीत पण वाचतात.

तर झालं असं की दोन वर्षांपूर्वी पप्पा गेले. भाऊ कुवेतला, मी ठाण्यात चरईत, म्हणजे कागदपत्रांची सगळी धावपळ माझ्याच गळ्यात. जमीन म्हणजे काय तर चार गुंठे भातशेती, तीही खाजणाला लागून, आणि वारस धरले तर अकरा. पण पप्पा जाईपर्यंत म्हणत होते की आजोबांचं नाव काढून आपली नावं लावून घ्या, नंतर पोरांना त्रास होईल. म्हटलं करून टाकू, एक-दोन चकरांचं काम. (हसू नका.)

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव 'पेद्रू बस्त्याव'. पप्पांच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'पीटर सेबॅस्टियन'. रेशनकार्डवर 'पिटर', पहिली वेलांटी. तलाठी भाऊसाहेब तसे चांगले होते, बसायला खुर्ची दिली, पण म्हणाले ताई पेद्रू हाच पीटर हे कशावरून? मी म्हटलं अहो एकच नाव आहे ते, पोर्तुगीजमध्ये पेद्रू आणि इंग्लिशमध्ये पीटर, बस्त्याव म्हणजे सेबॅस्टियन, आमच्या ख्रिस्ती लोकांत सगळ्यांचं असंच असतं, जुवांवचा जॉन होतो, इनासचा इग्नेशियस होतो. ते म्हणाले मला पटलं हो, पण माझ्या पटण्यावर फेरफार होत नाही, दोन्ही नावं एकाच माणसाची असा कागद आणा. मग नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं, ते दाखवलं, तर म्हणे हे तुम्ही स्वतःच लिहून दिलेलं आहे, जुना पुरावा हवा. शेवटी तिथेच रांगेतल्या एका काकांनी सांगितलं, तुमचे लोक देवळात बघा, बाप्तिस्म्याच्या वहीत असेल.

आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. ठाण्यात माझ्या शेजारणीला अजून गंमत वाटते, मी रविवारी देवळात जाते म्हटलं की ती कोपिनेश्वरला समजते, आणि दोन्ही तलावपाळीलाच असल्यामुळे माझी चूकही काढता येत नाही.

मग सुरू झाल्या शनिवारच्या फेऱ्या. ठाण्याहून घोडबंदर रोडने गायमुखचा घाट, काशीमिरा, भाईंदर, तिथून पश्चिमेला उत्तनची बस. नकाशात बघाल तर फार नाही, पण मेट्रोचं काम आणि गायमुखला अडकलेले ट्रक धरून एका वेळेला मला पावणेतीन तास लागलेत. देवळाचं ऑफिस बाराला बंद. पहिल्या शनिवारी मी पोचले तेव्हा क्लार्क कुलूप लावत होता. दुसऱ्या शनिवारी कुणाचं तरी मयत होतं, फादर तिकडे. तिसऱ्या शनिवारी एकदाचा अर्ज दिला.

अर्जात विचारतात नाव, आई-वडिलांची नावं, जन्मतारीख. जन्मतारीख कुणाला माहीत होती? आजोबा गेले तेव्हा पप्पाच जेमतेम विशीत. मी अंदाजे १९०० ते १९१० लिहिलं. क्लार्क म्हणाला, ताई दहा वर्षं शोधायला मला दहा शनिवार लागतील. जुन्या वह्या बाहेरच्यांच्या हातात देत नाहीत, फोटोही काढू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पानं बघितली तर कळतं, ती जुनी शाई लोखंडाच्या क्षारांपासून केलेली असायची, ती वर्षानुवर्षं कागद खाते, काही ठिकाणी अक्षरं गेलीत आणि अक्षराच्या आकाराची भोकं तेवढी राहिलीत.

त्याने आडनावावरून शोधलं, मिळालं नाही. पुढच्या फेरीलाही नाही. मी तर मनातून वही मिटलीच होती, म्हटलं भाऊबंदच खातील आता ती शेती. तेव्हा फादरांनी सांगितलं की आपले एक रिटायर्ड मास्तर आहेत, त्यांना पोर्तुगीज वाचता येतं, ते रविवारी मिस्सानंतर, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेनंतर, असतात, त्यांना विचार.

मास्तर म्हणजे ऐंशीच्या पुढचे, कानाला मशीन, पण स्मरणशक्ती अशी की मी नुसतं आजोबांचं नाव सांगितलं तर म्हणाले, "पेद्रूची नात काय तू? तुमच्या घराला जांभळाखालचं म्हणायचे." मला हे माहीतच नव्हतं. जांभूळही आता नाही, तिथे तीन मजली बिल्डिंग आहे.

त्यांनी पहिली चूक दाखवली. जुन्या वहीत आडनावाने शोधायचंच नाही. मुलाचं फक्त पाळण्यातलं नाव लिहायचे, आडनाव नाही, आणि मागे जी यादी असते तीही नावावरूनच असते. म्हणजे 'प'मध्ये सगळे पेद्रू, पावलू, पास्कू एका खाली एक. आणि आमच्या गावात पेद्रू किती? दहा वर्षांत एकोणीस! कोळ्यांचं गाव, संत पेत्र स्वतः मासे पकडणारा, दुसरं काय होणार. एकोणीसपैकी वडील बस्त्याव असलेले पाच. आणि पाचांपैकी दोघांची आई मारिया. तिथे मी परत डोक्याला हात लावला.

त्या दिवशी जेवायला काकीकडे थांबले. काकीने कोलंबीचं सार केलेलं, बॉटल मसाला घालून, दोन वाट्या पिऊन जरा जीव थाऱ्यावर आला. सहज तिला सांगत होते की तारीख नाही म्हणून अडलंय तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "तारीख कशाला गो, तुजा आजा सांपेद्राच्या सनाला झालेला, होऱ्या वर घेतलेल्या, पाऊस धो धो, म्हनून तर नाव पेद्रू ठेवला."

संत पेत्राचा सण २९ जूनला. सात आठवडे मी नोटरी, तलाठी, ऑफिस करत फिरत होते आणि तारीख काकीच्या मोरीत पडलेली होती.

पुढच्या रविवारी मास्तर, क्लार्क आणि मी असे तिघं बसलो. क्लार्क पानं उलटणार, मास्तर वाचणार, मी गप्प. जूनची शेवटची आणि जुलैची पहिली पानं, तेवढीच, वर्षामागून वर्ष. १९०१ नाही. १९०२ ला एक पेद्रू होता पण बाप इनास. १९०४ ला मास्तरांचं बोट थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "आउश त्रेश दियाश दु मेश द जुल्यु..." म्हणजे जुलै महिन्याच्या तिसऱ्या दिवशी. पुढे, बाप्तिस्मा दिला आणि पवित्र तेल लावलं, कुणाला तर पेद्रू, 'फिल्यु लेजितिमु', म्हणजे औरस मुलगा, सेबास्तियांव आणि मारियाचा. मारिया पूर्ण लिहिलंच नव्हतं, नुसता म आणि त्याच्या डोक्यावर एवढासा आ. मग आजी-आजोबांची नावं, मग धर्मबाप धर्ममाय, मग पाद्रीची सही, शेपटीला वळणं वळणं असलेली. मी घरी येऊन कॅलेंडर मोजलं, ३ जुलै १९०४ ला रविवार होता. म्हणजे सणाला जन्म, चार दिवसांनी रविवारी बाप्तिस्मा. काकी शंभर टक्के बरोबर.

पण मी तरी शंका काढलीच. म्हटलं मास्तर, इथेही पेद्रूच आहे, पीटर कुठाय? माझा प्रश्न तर तोच आहे ना. आणि १९०४ ला इथे इंग्रज होते, मग वही पोर्तुगीजमध्ये का?

यावर मास्तर खुर्चीत नीट बसले, कानातलं मशीन सारखं केलं, आणि आमच्या देवळाचा इतिहास मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. पन्नाशीला आले मी. लहानपणी दर मे महिन्यात त्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून कैरी खाल्लेली, वर दर्शनी भिंतीवर सोळाशे काहीतरी साल कोरलंय ते बघितलेलं, आणि त्यापलीकडे कधी विचारलं नव्हतं.

मास्तर म्हणाले ते साल बघून लोक फोटो काढतात की चारशे वर्षांची भिंत आहे म्हणून, पण साल स्थापनेचं आहे, भिंतींचं नाही. पुढची भिंत आणि वेदीच्या मागचा भाग जुना, बाजू नंतर वाढवलेल्या, आणि छपरावर जी मंगलोरी कौलं होती ती तर १८६५ नंतरचीच असणार, त्याच्या आधी मंगलोरला कौलांचा कारखानाच नव्हता. आता त्यावरही पत्रा आलाय. पुढची भिंत पांढरी का, तर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे समुद्रावरून येताना दिसावी म्हणून. ते मात्र मला पटतं, कारण पप्पा सांगायचे की पहाटे परत येताना आधी देऊळ दिसायचं आणि मग गाव.

१५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात वसई आणि ही सगळी बेटं पोर्तुगीजांना दिली, साष्टीसकट. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, हेही मला तेव्हाच कळलं. पाठोपाठ फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले, पाद्री आले, इकडे गावोगाव देवळं उभी राहिली. चर्चच्या सणाला छापतात त्या पुस्तिकेत इथपर्यंत सगळं छान छान असतं. मास्तरांनी मात्र पुढचंही सांगितलं, की आधीची हिंदू देवळं पाडली गेली, १५६० ला गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं, सगळं काही प्रेमाने झालं नाही. स्वतः रोज सकाळी मिस्साला बसणारा माणूस हे बोलतो याचं मला बरं वाटलं. आमच्या पुस्तिकेत पण एक परिच्छेद घालायला काय हरकत आहे, पण कोण घालणार.

मग १७३७ ला मराठ्यांनी ठाणं घेतलं. ठाण्याचा तो किल्ला पोर्तुगीज तेव्हा बांधतच होते, पुरा झालाच नव्हता, आज तिथे सेंट्रल जेल आहे. मी रोज तिथून जाते आणि मला तो फक्त ट्रॅफिकचा सिग्नल म्हणून माहीत. १७३९ ला चिमाजी अप्पांची मोठी मोहीम, आधी आमचं धारावी पडलं, कारण वसईच्या खाडीचं तोंड इथून अडवता येतं, मग मे महिन्यात वसई. युरोपियन पाद्री गेले, गोव्याकडचे पाद्री आले, आणि गाव होतं तिथेच राहिलं, मासे पकडत.

इथे मी घंटेचं विचारलं. आमच्या गावात प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे आपल्या देवळाची मोठी घंटा मराठ्यांनी नेली आणि ती भीमाशंकरला आहे. मास्तर हसले. म्हणाले, भीमाशंकरला पोर्तुगीज घंटा आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळातही आहे, तिच्यावर १७२१ साल आहे, हे खरंच. पण वसईपासून इकडे मनोरीपर्यंत ज्या गावात जाशील ते गाव म्हणतं भीमाशंकरची घंटा आमची. एक घंटा किती गावांची असेल? मी जरा नाराज झाले, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं मी ती आमचीच समजत होते.

आणि मग आला माझ्या प्रश्नाचा मुद्दा. राज्य गेलं तरी धर्मकारभार पोर्तुगालच्या राजाच्या हक्कात राहिला, त्याला पाद्रोआदो म्हणतात. दुसरीकडे रोमहून थेट नेमलेले मिशनरी, ते प्रोपागांडावाले. मुंबईत या दोघांचं अनेक वर्षं भांडण, कुठलं देऊळ कुणाचं यावरून. १८८६ ला मुंबईला आर्चबिशप मिळाले, त्याच वर्षी दमणचा वेगळा धर्मप्रांत झाला, आणि साष्टीतली ही आमच्यासारखी देवळं दमणकडे गेली. म्हणजे गंमत बघा, कलेक्टर इंग्रज, स्टॅम्पपेपर इंग्रजांचा, ठाण्यापर्यंत आगगाडी येऊन पन्नास वर्षं झालेली, आणि बाप्तिस्म्याची वही पोर्तुगीजमध्ये. हे १९२८ पर्यंत चाललं. त्या साली दमणचा धर्मप्रांत मोडला आणि त्यातला आमच्याकडचा भाग मुंबईत मिसळला.

मास्तर म्हणाले, "आता समासात बघ."

समासात, त्या पोर्तुगीज नोंदीच्या डाव्या बाजूला, वेगळ्या हाताने, निळसर शाईत, बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. इंग्लिशमध्ये. की पीटर, याचं लग्न १९३१ ला अमुक अमुक हिच्याशी याच देवळात झालं. अमुक म्हणजे माझी आजी!

हे असं का लिहितात तर १९०८ पासून चर्चचा नियमच झाला की लग्न झालं की ते बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहायचं, म्हणजे कुणी दुसरीकडे जाऊन परत लग्न करू नये. तो नियम केला दुसऱ्या लग्नाच्या भीतीने आणि उपयोग झाला मला तलाठ्यासाठी. १९०४ चा पाद्री पोर्तुगीजमध्ये पेद्रू लिहून गेला, १९३१ चा पाद्री इंग्लिशमध्ये पीटर लिहून गेला, मध्ये १९२८ येऊन गेलं, आणि दोघांनी लिहिलं ते एकाच माणसाच्या एकाच नोंदीला. मला तिथेच रडू आलं, क्लार्क बिचारा पाणी आणायला पळाला. आजोबांना मी बघितलेलं नाही, घरात त्यांचा फोटोपण नाही.

मग मास्तरांनी आणखी एक वही काढायला लावली, मयतांची. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला त्याच्या पुढची पानं. आधी एका पानाला अनेक महिने पुरायचे, आणि मग एकेका पानावर एकेक आठवडा. पाद्रीचं अक्षरही बदललेलं, ती वळणावळणाची सही गेली, नुसती आद्याक्षरं. गावाच्या नाक्यावर जो क्रूस आहे, ज्याच्यासमोर अजून मे महिन्यात लिटनी म्हणतात, तो तेव्हाचाच. संत सेबॅस्टियन प्लेगपासून राखतो म्हणून त्या वर्षांत बस्त्याव नावाची पोरं एकदम वाढली. आमचे पणजोबा त्याच्या आधीचे, पण वहीत पुढे बघत गेलं तर बस्त्याव, बस्त्याव, बस्त्याव. त्यातले किती जगले ते बघायला मास्तर पानं उलटणार होते, मी म्हटलं नको.

निघताना त्यांनी विचारलं ठाण्यात कुठे राहतेस, मी चरई म्हटलं. म्हणाले, "मग जुनं गाव तर तुझंच, आमचं कुठलं." आणि उभ्या उभ्या ही गोष्ट सांगितली. १३२१ साल, पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी. चार फ्रान्सिस्कन, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दिमित्रियस नावाचा त्यांचा दुभाष्या, चीनला निघालेले. सोबत जॉर्डेनस नावाचा डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या संघातला पाद्री. जायचं होतं कोल्लमला, वाऱ्याने जहाज आणलं ठाण्याला. तर ठाण्यात तेव्हाच पंधराएक ख्रिस्ती घरं होती, नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या चर्चची, त्यांच्याकडे हे उतरले. यजमानाने रात्री बायकोला मारलं, ती सकाळी काझीकडे गेली, साक्षीला म्हणून या पाहुण्यांचं नाव दिलं. तिथून गोष्ट धर्माच्या वादावर गेली आणि एप्रिलमध्ये चौघांनाही मारलं. जॉर्डेनस त्या वेळी ठाण्यात नव्हता म्हणून वाचला, त्याने त्यांना नेऊन सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओडोरिक नावाचा एक पाद्री आला, त्याने ती हाडं उकरून चीनला नेली. मास्तरांचं म्हणणं, त्या बाईचं नाव कुणी लिहिलं नाही, बाकी सगळ्यांची नावं आहेत. बसमध्ये मला सारखी तीच आठवत होती.

असो. सर्टिफिकेट पुढच्या शनिवारी मिळालं. फादरांनी समासातली नोंदही त्यावर उतरवली, खाली लिहिलं की पेद्रू आणि पीटर ही एकच व्यक्ती, शिक्का मारला. फी नावापुरती, वर मी देवळाच्या छपरासाठी थोडे दिले. पप्पांचा १९३८ चा बाप्तिस्मा जोडला, त्यात बापाचं नाव पीटर. तलाठी भाऊसाहेबांनी सगळं दोनदा वाचलं, म्हणाले ताई, असा कागद मी पहिल्यांदाच बघतोय. मंडळ अधिकाऱ्यांकडे गेलं. नोटीस लागली, हरकतीला पंधरा दिवस. ते पंधरा दिवस मी कसे काढले मलाच माहीत, कारण एक चुलतभाऊ दोनदा फोन करून "सहज" विचारत होता की तारीख काय आहे. हरकत आली नाही.

वाचणाऱ्यांत कुणाला असं काही करायचं असेल तर माझं सांगणं एवढंच की ऑफिसात जायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जा, सण विचारा, पाऊस होता का विचारा, होड्या पाण्यात होत्या की वर विचारा. आणि आडनाव विसरा.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, गेले तेव्हा आमच्या त्या चार गुंठ्यांतल्या लोंब्या वेदीपुढे होत्या, काकीनेच कापलेल्या. मास्तर आले नव्हते, पाय सुजलाय म्हणाले. दुसऱ्या दिवशी सोमवारी नवा सातबारा काढला. भावाला लगेच व्हिडिओ कॉल करून दाखवला, तो म्हणाला जरा झूम कर, माझं नाव वाच.

भावाचं नाव आहे जॉन. सातबाऱ्यावर आलंय 'जाॅनी'. आणि माझं आडनाव माहेरचं का सासरचं हा घोळ वेगळाच. शनिवारी परत जायचंय.